डिकीतला कॉम्प्युटर

आज गाडीत बसलं की फोन आपोआप ब्लूटूथला जोडला जातो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मात्र काही हौशी मंडळी अख्खा कॉम्प्युटर डिकीत ठेवत. एमपीथ्री गाणी हार्ड डिस्कवर होती. गाडीतल्या डेकवर फक्त कॅसेट नाहीतर सीडी वाजे.

साउंड कार्डाचा क्षीण सिग्नल आधी अ‍ॅम्प्लिफायरला द्यावा लागे, मग स्पीकरला. इथंच घोळ व्हायचा. दोघांचं अर्थिंग वेगळ्या जागी असलं, की अल्टरनेटरची शिट्टी गाण्यात शिरे आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढे. अर्थिंग एकाच जागी आणायचं किंवा मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर घालायचा, हा उपाय.

१९९९ मध्ये ब्रिटनच्या एम्पेगने डेकच्याच जागी बसणारा, लिनक्सवर चालणारा प्लेअर बाजारात आणला. डिकी मोकळी झाली. प्रवासात आपली गाणी आपल्याच क्रमाने ऐकायचा हट्ट मात्र त्या वायरींच्या गुंत्यातूनच आपल्यापर्यंत आला.