संगणकाची वाचा आणि तिचा इतिहास

संगणकाचा पडदा उजळतो, अक्षरें उमटतात, परंतु आवाज मात्र निघत नाहीं, असें झालें कीं शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गांवीं दोनच वाटा सुचविल्या जातात. एक, यंत्र धुळ्यास नेऊन नवा भाग बसवावा. दुसरी, तें जुनें धूड भंगारांत घालावें. तिसरी वाट सहसा कोणी दाखवीत नाहीं, आणि ती इतिहासाची आहे. जुना संगणक मुका होतो तो पुष्कळदां कसल्या तरी गैरसमजामुळें. तो गैरसमज कोठें झाला हें ओळखावयाचें, तर या यंत्राला वाचा केव्हां फुटली आणि कोणत्या सालीं तिला कोणतें नवें इंद्रिय जोडलें गेलें, हें ठाऊक असावें लागतें. वैद्य रोग्याचें वय आधीं विचारतो. त्याप्रमाणें येथेंही यंत्राचें साल हाच पहिला प्रश्न होय.

खानदेशास या प्रश्नाचें अगत्य विशेष आहे. अहिराणी काय किंवा जळगांवाकडील लेवा बोली काय, या भाषा लिहिण्यापेक्षां बोलण्यांत आणि गाण्यांत अधिक नांदल्या. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितां येत नव्हतें; त्यांच्या ओव्या पुत्र सोपानदेव व आप्तजन यांनीं उतरून घेतल्या, म्हणूनच १९५२ सालीं त्या पुस्तकरूपानें महाराष्ट्राच्या हातीं आल्या. लिपीनें शब्द राखले. पण गळा, ठेका आणि उच्चार राखणें लिपीच्या आटोक्यांतलें नाहीं. फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं काढलेली कॅसेट पुढें घरोघर पोंचली, आणि लग्नाचीं गाणीं, कानबाईचीं गाणीं, आजीच्या तोंडच्या कहाण्या तिच्या फितीवर उतरल्या. त्या फिती आतां झिजत चालल्या आहेत. त्यांतील आवाज टिकवावयाचा तर तो संगणकांत घ्यावा लागतो, आणि त्या कामाला लागणारें द्वार नव्या लॅपटॉपांत बहुधा नसतें. अडगळींत पडलेल्या जुन्या संगणकांत तें असतें.

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय.बी.एम. कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारांत आणला, तेव्हां त्याला वाचा म्हणावी अशी नव्हतीच. पेटीच्या आंत एक लहानसा स्पीकर होता. कालगणनेसाठीं बसविलेली एक चिप त्याला ठराविक वेगानें चालू-बंद करी आणि त्यांतून एका वेळीं एकच सूर निघे. कचेरींत हिशेब करणाऱ्या यंत्रास याहून अधिक कांहीं बोलण्याचें कारण नाहीं, अशी त्या वेळची दृष्टि होती. तथापि हा जुना 'पीं' पुढें दीर्घकाळ टिकला. संगणक सुरू होतांच स्वतःची तपासणी करतो आणि पुष्कळ यंत्रांत सर्व ठीक असल्यास एक लहान 'पीं' ऐकूं येतो. या आवाजाचा पुढें आलेल्या साउंड कार्डाशीं मुळींच संबंध नाहीं. तो ऐकूं आला म्हणून कार्ड चांगलें ठरत नाहीं. आणि एकामागून एक अनेक 'पीं' येऊं लागले, तर दोष बहुधा स्मृतीच्या पट्टीसारख्या दुसऱ्याच भागांत शोधावा लागतो.

संगणकास संगीत शिकविण्याची विद्या विश्वविद्यालयांतून आली. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथें जॉन चाउनिंग या संगीतकारास १९६७ सालीं असें आढळलें कीं, एका ध्वनिलहरीची कंपनगति दुसऱ्या लहरीनें झपाट्यानें हलविली, तर घंटा, पितळी वाद्यें, तंतुवाद्यें यांसारखे भरीव नाद कृत्रिम रीतीनें निर्माण होतात. हें संशोधन १९७३ सालीं प्रसिद्ध झालें आणि जपानच्या यामाहा कंपनीनें त्याचे हक्क घेतले. यामाहानें पुढें त्याच तत्त्वावर एक स्वस्त चिप बनविली. ती घेऊन कॅनडांतील क्वेबेक येथील मार्टिन प्रेव्हेल या एके काळच्या संगीताच्या प्राध्यापकानें १९८७ सालीं ॲडलिब नांवाचें कार्ड काढलें. त्यांतून एकदम नऊ सूर निघत. परंतु या कार्डास मनुष्याचा शब्द उच्चारतां येत नसे. जें कांहीं निघे तें वाद्याचें.

शब्द आला तो सिंगापूरहून. सिम वोंग हू यांनीं १९८१ सालीं स्थापन केलेल्या क्रिएटिव्ह कंपनीनें १९८९ सालीं साउंड ब्लास्टर हें कार्ड विक्रीस आणलें. त्यांत यामाहाची तीच चिप होती, म्हणून ॲडलिबसाठीं लिहिलेले कार्यक्रम त्यावर चालत; शिवाय ध्वनीची लहर क्षणाक्षणाला मोजून आंकड्यांत ठेवण्याची आणि आंकड्यांतून पुन्हा ध्वनि करण्याची सोय होती. १९९२ सालच्या साउंड ब्लास्टर १६ या कार्डांत ही मोजणी सेकंदास ४४,१०० वेळां, म्हणजे संगीताच्या सीडीच्या तोडीनें, होऊं लागली. त्याच वर्षीं ॲडलिबचें दिवाळें निघालें. मग इतर कारखानदारही आपल्या मालावर 'साउंड ब्लास्टरशीं जुळणारें' असें छापूं लागले.

जुळणें हाच या काळांतील सगळ्या भांडणाचा विषय होता. कार्डाला यंत्रांत राहण्यासाठीं तीन आंकडे लागत. पहिला द्वाराचा, म्हणजे घराचा पत्ता. तो बहुधा २२० असे. दुसरा हांकेचा: कार्डानें मुख्य प्रोसेसरला 'माझें काम संपलें, पुढचें द्या' असें सांगावयाचें तें कोणत्या तारेवरून, याचा क्रमांक. तिसरा मालवाहतुकीचा: ध्वनीचे आंकडे स्मृतींतून कार्डाकडे कोणत्या वाटेनें यावयाचे, याचा. आरंभीच्या कार्डांत हांकेचा क्रमांक ७ ठेवीत, आणि तोच छपाईयंत्रासही नेमून दिलेला असे. पुढें ५ हा क्रमांक रूढ झाला. हे आंकडे कार्डावरील इवल्याशा टोप्या इकडच्या तिकडे बसवून ठरवीत आणि तेच आंकडे संगणकाच्या आरंभीच्या फाइलींत एका ओळींत लिहून ठेवीत. टोप्या एक सांगतात आणि ओळ दुसरेंच, असें झालें कीं वाचा बसलीच.

परंतु त्या बिघाडाचीही एक भाषा होती, आणि डॉसच्या काळांतील यंत्र आज ज्याच्या हातीं येईल त्यास ती अजून उपयोगी पडेल. खेळांतील वाद्यें ऐकूं येतात पण बोलणें ऐकूं येत नाहीं, याचा अर्थ कार्ड जिवंत आहे. वाद्यांच्या चिपेला हांक किंवा मालाची वाट लागत नाहीं, तेव्हां दोष त्या दोन आंकड्यांत आहे. तोच तो शब्दाचा तुकडा अडखळत पुन्हां पुन्हां येतो, याचा अर्थ माल पोंचला पण हांक पोंचली नाहीं. असें ऐकून निदान करणाऱ्यास पेटी उघडण्याची घाई करावी लागत नसे.

२४ ऑगस्ट १९९५ रोजीं विंडोज ९५ आलें आणि आंकडे वांटण्याचें काम संगणकानें स्वतःकडे घेतलें. टोप्या हळूहळू गेल्या. त्यांच्या जागीं ड्रायव्हर आला. ड्रायव्हर म्हणजे कार्डाची भाषा विंडोजला समजावून सांगणारा दुभाषी. तेव्हांपासून पुष्कळशा मौनाचें कारण दुभाषी हरवणें हें आहे. विंडोज नव्यानें टाकल्यावर आवाज गेला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्यें पिवळें उद्गारचिन्ह दिसतें. तें दिसलें कीं कार्डावरील मोठ्या चिपेचें नांव वाचून त्याच नांवाचा ड्रायव्हर मिळवावा. याच काळांतील आणखी एक चकवा असा: संगीताची सीडी फिरते, घड्याळ पुढें सरकतें, पण आवाज नाहीं. त्या वेळीं सीडीचा आवाज ड्राइव्हमधून कार्डाकडे एका बारीक निराळ्या तारेनें जाई. साफसफाईंत ती तार निसटली, तर बाकीचे सर्व आवाज येत आणि तेवढी सीडी मुकी राही.

१९९७ सालीं इंटेल कंपनीनें एसी ९७ ही पद्धति ठरविली आणि साउंड कार्डाचें काम मदरबोर्डावरच होऊं लागलें. पाठीमागच्या छिद्रांना रंगही ठरून गेले: हिरवें स्पीकरचें, गुलाबी मायक्रोफोनचें, निळें बाहेरून ध्वनि आंत घेण्याचें. २००१ सालापासून एम.एस.-सी.आय.टी.च्या अभ्यासक्रमाबरोबर संगणक महाराष्ट्रांत तालुक्यातालुक्यांत शिरला, तेव्हांचीं पुष्कळशीं यंत्रें याच जातीचीं होतीं. त्यांत एक खोड आहे. पेटीच्या पुढच्या बाजूच्या हेडफोनसाठीं मदरबोर्डावर पिनांची एक जुडी असते. पुढची तार जोडलेली नसेल, तर त्या जुडींतील दोन जोड्यांवर टोप्या असाव्या लागतात. त्या काढल्या गेल्या कीं मागचें हिरवें छिद्र गप्प होतें. ड्रायव्हर ठीक, स्पीकर ठीक, आणि दोन टोप्यांसाठीं यंत्र भंगारांत, असा अन्याय या पिढीच्या संगणकांवर सहज होऊं शकतो.

२००४ सालीं इंटेलनेंच एच.डी. ऑडिओ ही पुढची पद्धति आणली. पुढें पडद्याच्या एच.डी.एम.आय. तारेंतूनही आवाज जाऊं लागला, आणि एकाच यंत्रास दोन तोंडें झालीं. अशा वेळीं संगणक बोलत असतो, पण ज्या पडद्याला स्पीकरच नाहीं त्याच्याकडे तोंड करून. आवाजाच्या यादींत योग्य उपकरण निवडलें कीं काम होतें. २००७ सालच्या विंडोज व्हिस्टानें ध्वनीची आंतली व्यवस्था बदलल्यामुळें कित्येक जुन्या कार्डांची शक्ति निकामी झाली. तेथें कार्ड बिचारें निर्दोष असतें. जुन्या यंत्रावर लिनक्स घातल्यास ध्वनीच्या वाहिन्या प्रथम बंदच ठेवलेल्या असूं शकतात. मिक्सर उघडून त्या मोकळ्या कराव्या लागतात.

या सर्वांतून तपासणीचा क्रम आपोआप ठरतो: बाहेरून आंत. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, हें खरें. परंतु आधीं पोहराच फुटका नाहीं ना, हें पाहावें. स्पीकर दुसऱ्या रेडिओला किंवा मोबाइलला लावून पाहावा. मग पिन हिरव्या छिद्रांत आहे कीं नाहीं, मग पडद्यावरील आवाजाची पट्टी, मग निवडलेलें उपकरण, मग ड्रायव्हर. इतकें करून साधलें नाहीं तरच वीज तोडून पेटी उघडावी आणि प्रथम पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. धूळ झाडावी, सुटें कार्ड असल्यास काढून त्याच्या सोनेरी दांत्या स्वच्छ खोडरबरानें हलकेच पुसाव्या. मदरबोर्डावरील उभ्या नळकांड्यांचीं डोकीं फुगलेलीं दिसलीं, तर तो मात्र खरा आजार आहे, इ.स. २००० च्या आगेमागें बनलेल्या पुष्कळ बोर्डांत तो आढळला. आवाज येतो पण त्यांत सतत घूं घूं असा घोगरा सूर मिसळतो, तेव्हां दोष पुष्कळदां भिंतींतील अर्थिंगचा असतो. तीन पिनांतील जाड पिन काढून टाकल्यानें तो सूर कदाचित् जाईलही, पण जिवाशीं खेळ होईल. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावें.

हें सर्व केवळ गाण्यांच्या हौसेसाठीं आहे, असें कोणी समजूं नये. अंध मनुष्यास संगणकाचा पडदा कानांनीं वाचावा लागतो. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणानें २००६ सालीं एन.व्ही.डी.ए. हा पडदा वाचून दाखविणारा कार्यक्रम सुरू केला. तो विनामूल्य मिळतो आणि मराठीही वाचतो. विंडोज एक्स.पी.च्या जुन्या यंत्रावर त्याची २०१७ सालची तिसरी आवृत्ति शेवटची चालते. अशा घरीं साउंड कार्ड बंद पडणें म्हणजे दिवा जाणें होय, आणि तेथें दोन दिवसांची दिरंगाईदेखील अभ्यास बुडविते.

राहिली फितींची गोष्ट. यंत्र बोलूं लागलें कीं कॅसेट-प्लेअरच्या हेडफोनच्या छिद्रांतून निघालेली तार निळ्या छिद्रांत लावावी. गुलाबींत लावूं नये, कारण तें मायक्रोफोनच्या क्षीण प्रवाहासाठीं केलेलें असतें आणि प्लेअरचा जोरकस आवाज त्यांत फाटतो. आधीं एक मिनिट ध्वनि घेऊन ऐकावा, आवाजाची पातळी जुळवावी, मग संपूर्ण बाजू एका दमांत घ्यावी. जुनी फीत पुन्हां पुन्हां उलगडणें तिला सोसत नाहीं. गाणारीचें नांव, गांव, प्रसंग आणि साल फाइलीच्या नांवांतच लिहावें, आणि एक प्रत त्या यंत्राबाहेर दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी. कारण जुन्या यंत्राची वाचा परत आणतां येते, पण झिजलेल्या फितीवरील आजीचा आवाज मागाहून कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं.