सुरिनाम : पाच टोकांच्या ताऱ्याचा छोटा देश

वेंगुर्ल्याला डच वखारीची पडकी इमारत आजही उभी आहे. सतराव्या शतकात डच व्यापारी इथून गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवत आणि आपल्या जहाजांना रसद पुरवत. कोकणात त्यांचं राज्य काही झालं नाही, वखार सोडून ते निघून गेले. पण त्याच शतकात दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा एक मुलूख त्यांच्या हाती आला आणि मधली थोडी वर्षं सोडली तर तो 1975 पर्यंत त्यांच्याकडेच राहिला. तो मुलूख म्हणजे आजचा सुरिनाम.

क्षेत्रफळ 1,63,820 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं जास्त. लोकवस्ती मात्र सहा लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेप्रमाणे 16 लाखांहून जास्त लोक राहतात, यावरून अंदाज करा. बहुतेक देश घनदाट जंगलाचा आहे आणि माणसं किनारपट्टीला राहतात.

माणसं कुठून आली?

1667 च्या ब्रेडा तहात सुरिनाम डचांकडे राहिला आणि आजचं न्यूयॉर्क इंग्रजांकडे. ऊस आणि कॉफीच्या मळ्यांसाठी डचांनी आफ्रिकेतून गुलाम आणले. जे जंगलात पळून गेले आणि तिथेच वस्ती करून राहिले, त्यांच्या वंशजांना मरून म्हणतात. 1 जुलै 1863 रोजी गुलामगिरी कायद्याने बंद झाली, तरी आणखी दहा वर्षं त्या लोकांना मळ्यांवर मजुरी करावीच लागली.

ती मुदत संपली तेव्हा मजूर हवे होते. 'लाला रूख' हे जहाज कलकत्त्याहून निघून जून 1873 मध्ये सुरिनामला पोहोचलं. 1916 पर्यंत सुमारे 34 हजार हिंदी मजूर करारावर गेले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारचे, हिंदूही आणि मुसलमानही. 1890 पासून जावा बेटावरून मजूर आले, ते बहुतांशी मुसलमान. त्याआधी चिनी मजूरही आले होते. आणि मूळचे आदिवासी तर होतेच.

2012 च्या जनगणनेत सर्वांत मोठा समाज हिंदुस्तानी वंशाचा होता, तोही 30 टक्क्यांच्या आत. म्हणजे 'आमची बहुसंख्या' असं म्हणण्याची सोय तिथे कोणालाच नाही. राज्यकारभार आणि राष्ट्रीय चिन्हं दोन्ही समजून घ्यायची तर ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

कारभार कसा चालतो?

25 नोव्हेंबर 1975 रोजी सुरिनाम स्वतंत्र झाला. शेवटचे गव्हर्नर योहान फेरियर हेच पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि हेंक आरोन पहिले पंतप्रधान. सध्याची राज्यघटना 1987 ची आहे. तिच्यात पंतप्रधान नाही. राष्ट्राध्यक्ष हाच देशाचा आणि सरकारचा प्रमुख. मंत्रिमंडळाच्या बैठका उपराष्ट्राध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली होतात.

लोक थेट निवडून देतात ती नॅशनल असेंब्ली. तिचे सदस्य 51, मुदत पाच वर्षं. राष्ट्राध्यक्षाची निवड ही असेंब्ली करते, पण साधं बहुमत त्याला पुरत नाही. दोन तृतीयांश, म्हणजे किमान 34 मतं लागतात. ती जमली नाहीत तर असेंब्लीबरोबर स्थानिक परिषदांचे सदस्यही बसतात आणि त्या मोठ्या सभेत साध्या बहुमताने निवड होते.

याचा परिणाम बघा. एका समाजाच्या जोरावर 34 चा आकडा गाठणं कठीण. दुसऱ्याच्या दारात जावंच लागतं. मे 2025 च्या निवडणुकीत कोणत्याच पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं नाही. आघाडी झाली आणि जुलैमध्ये जेनिफर गीरलिंग्स-सिमॉन्स देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांच्या आधी हिंदुस्तानी वंशाचे चान संतोखी त्या पदावर होते.

झेंडा : पाच ताऱ्यांचा एक तारा

1959 मध्ये, देश अजून डच राज्याचा भाग असताना, पांढऱ्या कापडावर पाच तारे असलेला झेंडा ठरला. तारे काळा, तपकिरी, पिवळा, पांढरा आणि लाल. प्रत्येक रंग एकेका वंशाच्या लोकांचा. ताऱ्यांना जोडणारी एक लंबगोल रेषा होती. हेतू चांगलाच होता, पण माणसाच्या कातडीचा रंग झेंड्यावर आला होता.

स्वातंत्र्याच्या वेळी तो बदलला. आताच्या झेंड्यावर हिरवा, पांढरा, लाल, पांढरा, हिरवा असे आडवे पट्टे आणि मध्ये एकच पिवळा तारा आहे. हिरवा सुपीक जमिनीचा आणि आशेचा, पांढरा स्वातंत्र्य आणि न्यायाचा, लाल प्रगतीचा. ताऱ्याची पाच टोकं म्हणजे जिथून माणसं आली ते पाच खंड. पाच वेगळे तारे गेले, पाच टोकांचा एक तारा आला.

आपल्याकडेही असंच घडलं आहे. 1921 च्या सुमारास गांधीजींपुढे जो झेंडा होता, त्यात लाल रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतरांचा मानला होता. 1931 मध्ये काँग्रेसने तिरंग्याचा ठराव करताना रंगांचा अर्थ धर्माशी जोडू नये असं स्पष्ट केलं. 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने आजचा तिरंगा स्वीकारला. तरी आजही वर्गात विचारलं तर 'हिरवा मुसलमानांचा' असं उत्तर येतं. आपल्या मुलांनी तिरंग्यात फक्त एका पट्ट्याचा हक्क का सांगावा? तीनही पट्टे आणि चक्र त्यांचं आहे.

राजचिन्ह, राष्ट्रगीत, फूल

राजचिन्हात दोन आदिवासी पुरुष ढाल धरून उभे आहेत. ढालीच्या एका बाजूला समुद्रातलं जहाज, म्हणजे गुलामांना आणल्याचा भूतकाळ. दुसऱ्या बाजूला ताडासारखं झाड, म्हणजे आजचा देश. मध्ये पाच टोकांचा तारा. खाली लॅटिनमध्ये तीन शब्द : न्याय, श्रद्धा, निष्ठा. दुःखाचं जहाज त्यांनी लपवलं नाही, हे महत्त्वाचं.

राष्ट्रगीत 1959 मध्ये मान्य झालं. पहिलं कडवं डच भाषेत आहे. दुसरं स्रानान टोंगो या बाजारात, रस्त्यावर सगळ्यांना समजणाऱ्या बोलीत, ते कवी ट्रेफोसा यांनी लिहिलं. साहेबाची भाषा आणि रस्त्यावरची बोली एकाच गाण्यात उभी आहे.

राष्ट्रीय फूल 'फाया लोबी', अर्थ धगधगतं प्रेम. हे म्हणजे इक्झोरा, आपल्या पावसच्या परसात लाल झुबक्यांनी फुलणारा पेंटगुळ!

ईद, दिवाळी आणि 1 जुलै

2012 च्या जनगणनेत मुसलमान सुमारे 14 टक्के होते. ईदुल फित्र आणि ईदुल अजहा या दोन्हींची देशभर सरकारी सुट्टी असते. तशीच दिवाळीची, होळीची, नाताळची आणि गुलामगिरी संपल्याच्या 1 जुलैची. पारामारिबोत मशीद आणि यहुद्यांचं प्रार्थनाघर एकमेकांना लागून आहेत. जावाहून आलेल्यांची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जावामध्ये किब्ला पश्चिमेला, म्हणून सुरिनामलाही काही जण पश्चिमेकडेच तोंड करून नमाज पढत राहिले. पुढे इतरांनी पूर्वेची दिशा धरली. मतभेद झाले, पण दोन्ही प्रकारच्या मशिदी राहिल्या.

चिन्हं पुरेशी असतात का?

नाहीत. स्वातंत्र्याच्या आसपास दंग्यांच्या आणि एका समाजाच्या वर्चस्वाच्या भीतीने लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा नेदरलँड्सला निघून गेला. 25 फेब्रुवारी 1980 रोजी लष्कराने सत्ता घेतली. 8 डिसेंबर 1982 रोजी सरकारच्या 15 विरोधकांना ठार मारलं गेलं. झेंडा तोच होता, तारा तोच होता. त्या खटल्यात लष्करप्रमुख देसी बाउटरसे यांना शिक्षा व्हायला 2019 साल उजाडलं, आणि ते दहा वर्षं राष्ट्राध्यक्षही राहिले. झेंडा सर्वांना घरात जागा देतो, पण ती जागा टिकवण्याचं काम कायदा, निवडणूक आणि न्यायालयाचं आहे.

थोडक्यात

राजधानी : पारामारिबो
जिल्हे : 10
राजभाषा : डच
चलन : सुरिनामी डॉलर (2004 पासून)
स्वातंत्र्यदिन : 25 नोव्हेंबर
हिंदी मजूर आल्याचा स्मरणदिन : 5 जून
सदस्यत्व : कॅरिकॉम (1995), इस्लामी सहकार्य संघटना (1996)