बोट लागणाऱ्यांचा हज

गेल्या रमजान ईदला अम्मीनं शिरखुर्म्याची वाटी पुढं सरकवली आणि म्हणाली, “अब्बा गये थे ना बोट से. मेरेकू बी एक बार बैठना है.” वय 71. मिरजेहून रत्नागिरीला जाताना आंबा घाट संपायच्या आत पिशवी मागणारी बाई. तिला गाडी लागते, बोट लागणारच असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं. मी मात्र आमच्याच घरातल्या दोन हजयात्रांचा हिशोब मांडून बघितला.

नानांची मोठी बहीण 1958 ला हजला गेली. तेव्हा मिरज-पुणे रेल्वे मीटरगेज होती. पुण्याला गाडी बदलायची, मुंबईत मुसाफिरखान्यात थांबायचं, मग मोगल लाईनची बोट. जाताना-येताना ती डेकवर चटई टाकून नुसती पडून होती. तोंडात लिंबाची फोड, उशाला डबा. पुढं कित्येक वर्षं इंजिन ऑईलचा वास आला की पदर नाकाला लावायची. नाना गेले 1975 ला, तेही बोटीनंच. ते सांगायचे उडणाऱ्या माशांच्या गोष्टी, डेकवरच्या जमातीच्या नमाजा, बोटीवर जमलेली बिहारी आणि मलबारी दोस्ती. उलटीचा शब्द नाही. घरात याचं स्पष्टीकरण ठरलेलं होतं: नानांचं पोट घट्ट, फुफीचं नाजूक.

पोटाचा संबंध थोडाच होता. 1958 चा हज जूनच्या शेवटी आला होता आणि 1975 चा डिसेंबरात. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान, त्यामुळं हज साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. फुफी मान्सूनच्या तोंडावर निघाली आणि ऐन पावसाळ्यात परतली. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर जितका खवळतो तितका एरवी क्वचितच. नानांच्या वाट्याला थंडीतला शांत समुद्र आला. बाब-अल-मंदब ओलांडून लाल समुद्रात शिरल्यावर जीवात जीव आला, असं फुफीही सांगायची.

गंमत अशी की शिडाच्या गलबतांच्या काळात हा प्रश्न असा नव्हता. मिरज आदिलशाहीत होती आणि आदिलशाहीचं मोठं बंदर दाभोळ. मक्केकडे जाणारी गलबतं तिथून सुटायची, सुरतेहून मुघलांची सुटायची. शिडाला वारा हवा. ईशान्येचा वारा असेपर्यंत जायचं, नैऋत्येच्या वाऱ्यावर परतायचं. भर पावसाळ्यात पश्चिमेकडे निघायचं कुणाच्या मनातही येत नसे. हजची तारीख दूर असली तर हाजी मक्केत महिनोन् महिने थांबायचे. त्या सफरीत चाचे होते, रोगराई होती, तुफानं होती, तेव्हा ती सुखाची होती असं मी म्हणणार नाही. पण निघायचा महिना वारा ठरवायचा.

वाफेच्या बोटीनं तो मुक्काम वाचवला. 1877 मध्ये मुंबईत बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी निघाली, तीच पुढं मोगल लाईन झाली. इंजिन वाऱ्याच्या विरुद्ध जातं. म्हणून हज जूनमध्ये आला तर हाजीही जूनमध्येच, लाटांवर आदळत निघाला. आणि हे लोक तरुण नसत. मुलींची लग्नं लावून, कर्ज फेडून, साठी गाठल्यावर नियत करणारे. त्यातही आपले देशावरचे हाजी. कोकणातले लोक खलाशांच्या घरातले. मिरजेच्या माणसाला पाणी म्हणजे कृष्णेचं.

मग त्यांनी स्वतःची युक्ती काढली. चटई बोटीच्या मध्यावर टाकायची, कारण नाळ आणि वरांडा जास्त वरखाली होतात. रिकाम्या पोटी राहायचं नाही, चिरमुरे, खजूर, आलं जवळ ठेवायचं. आत कोंडून न घेता दूर क्षितिजाकडं बघायचं. चक्कर येत असेल तर नमाज बसून, ही सवलत शरीयतनंच दिली आहे. यलमलमच्या टापूत भोंगा वाजला की एहराम, आणि एहराम बांधला की सुगंध वर्ज्य. म्हणजे मळमळीवर अत्तराचा रुमाल बंद, लिंबू-आलं तेवढं उरायचं.

मोगल लाईन 1986 मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली आणि 1995 पासून बोटीचा हज थांबला. 2018 मध्ये सौदी सरकारच्या संमतीनंतर तो पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली, हाजी मात्र अजून विमानानंच जातात. समुद्र आता सहलीपुरता उरला.

त्यामुळं अम्मीसाठी बोट निवडताना मी जाहिरातीतला तरणतलाव, रोषणाई काही बघितलं नाही. आधी महिना बघितला: डिसेंबर. मग दिवस. लक्षद्वीपची लांबची फेरी पहिल्याच वेळी नको, कारण बोट लागलीच तर मधे उतरता येत नाही. मुंबई-गोवा पुरे. बोट जितकी मोठी तितकी हलते कमी, आणि खोली हवी खालच्या मजल्यावर, मध्यभागी. उंचावरची सज्जाची खोली महाग असते आणि झुलतेही जास्त.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा नवीन कळलं. वय वाढलं की बोट लागण्याचं प्रमाण उलट कमी होतं. म्हातारपणी धोका असतो तो उलट्यांनी अंगातलं पाणी जाण्याचा, बीपीची आणि साखरेची गोळी पोटात न टिकण्याचा, आणि हलत्या जिन्यावर पडण्याचा. उलटीची गोळी मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, चढण्याआधी घ्यायची. पण तिनं गुंगी येते, प्रोस्टेट किंवा काचबिंदूवाल्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून ती दुकानातून परस्पर आणायची नाही.

बुकिंगच्या वेळी अम्मीनं एकच अट घातली: खिडकी किब्ल्याकडं हवी. मुंबईहून गोव्याकडं जाताना पश्चिम उजव्या हाताला येते, म्हणून उजव्या बाजूची खोली मागितली. फोनवरच्या मुलीला वाटलं आम्हाला सूर्यास्त बघायचाय. परतीला बोट तोंड फिरवणार आणि किब्ला दरवाजाकडं जाणार, हे मी अम्मीला अजून सांगितलेलं नाही.