राउटरची शिंगं आणि पुण्याचं गणित

घरातल्या वाय-फाय राउटरकडे कधी नीट बघितलंय? आमच्याकडच्या डब्याला चार शिंगं आहेत. "बाबा, रेडिओला एकच अँटेना पुरतो, मग याला चार कशाला?" असं चिरंजीवांनी विचारलं आणि कॉम्प्युटर इंजिनिअर असूनही मी जरा अडखळलोच. नंतर वाचत गेलो तर या शिंगांच्या इतिहासात चक्क पुणं निघालं. मग काय, लिहायलाच बसलो.

पूर्वी बिनतारी संदेशाचा मोठा शत्रू म्हणजे प्रतिध्वनी. भिंती, इमारती, डोंगर यांवर आपटून एकच लहर चार वाटांनी येते आणि आपलंच बोलणं आपल्यालाच खोडून टाकते. हे कसं टाळायचं यात इंजिनिअरांच्या पिढ्या खपल्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हा शत्रू कामाचा आहे.

शाळेतली एकसामयिक समीकरणं आठवा. दोन अज्ञात, दोन समीकरणं. दोन अँटेनांनी एकाच वेळी, एकाच फ्रीक्वेन्सीवर दोन वेगळे संदेश पाठवले, तर पलीकडच्या प्रत्येक अँटेनाला त्यांची खिचडी मिळते. पण दोघांना मिळालेली खिचडी वेगवेगळ्या प्रमाणातली असेल, तर गणित सुटतं. हे प्रमाण वेगळं करतात ते प्रतिध्वनी! ते नसतील तर दोन्ही समीकरणं जवळजवळ सारखीच होतात, आणि दहावीतल्या मुलालाही ठाऊक असतं की मग उत्तर निघत नाही.

हे ज्यांनी ओळखलं त्यांच्यातले एक आरोग्यस्वामी पॉलराज. मूळचे तमिळनाडूचे, पण पंधराव्या वर्षी खडकवासल्याच्या एनडीएत आले आणि नौदलाच्या लोणावळ्याच्या कॉलेजात इंजिनिअर झाले. १९७१च्या युद्धात आयएनएस खुक्री बुडाली, त्यानंतर नौदलाच्या सोनारवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. सोनार म्हणजे तरी काय, पाण्याखाली अनेक कान लावून एक आवाज शोधणं. निवृत्ती घेऊन १९९१ साली ते स्टॅनफर्डला गेले, थॉमस कैलाथ यांच्याकडे. हे कैलाथ तर १९३५ साली पुण्यातच जन्मलेले, घरचे मल्याळी, आणि १९५६चे आपल्या सीओईपीचे टेलिकॉम इंजिनिअर. दोघांनी १९९२ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९९४ साली ते मिळालं. सुरुवातीला शंका घेणारेच जास्त होते. तिकडे न्यू जर्सीत बेल लॅब्जच्या जेरार्ड फॉशिनी यांनी १९९६ साली हाच विचार स्वतंत्रपणे गणितात मांडला, आणि १९९८ साली त्यांच्या गटाने पाठवायला आठ व घ्यायला बारा अँटेना लावून प्रयोगशाळेत तो करूनही दाखवला.

इतिहास सहसा इथेच संपवतात. मला मात्र खरी गोष्ट इथून पुढची वाटते. कारण समीकरणं सोडवायची कुणी? आणि किती वेळात?

साधी पद्धत म्हणजे शाळेतल्यासारखं सरळ सोडवायचं. पण हवेतून आलेल्या संदेशात खरखर असते, आणि समीकरणं एकमेकांसारखी असतील तर उत्तर काढताना ती खरखरही फुगते. अचूक पद्धत म्हणजे सगळ्या शक्यता तपासून सर्वांत जवळची निवडायची. चार अँटेना, प्रत्येकावर १६ पैकी एक चिन्ह: शक्यता ६५,५३६. २००९ साली मंजूर झालेल्या वाय-फायच्या ८०२.११एन प्रमाणात साध्या पट्ट्यात दर चार मायक्रोसेकंदांना असे ५२ हिशेब येतात. म्हणजे सेकंदाला साडेआठशे अब्ज शक्यता! मी कॉलेजात असताना प्रोजेक्टसाठी हेच लॅपटॉपवर करून बघितलं होतं. रात्री चालू करून झोपलो, सकाळी उठलो तर पंखा घरघरतोय आणि आलेख अर्धाच. आणि हे बॅटरीवर, खिशातल्या फोनमध्ये बसवायचं!

बेल लॅब्जने मधला मार्ग काढला होता: जो संदेश सर्वांत स्पष्ट तो आधी ओळखा, वजा करा, मग पुढचा. छान, पण पहिलाच चुकला तर पुढचे सगळे बिघडतात. मग गणितज्ञांची १९८०च्या दशकातली एक युक्ती उपयोगी पडली. शक्यतांचं झाड समजा आणि फांदी ठराविक अंतरापलीकडे गेली की तिथेच छाटा. बहुतेक फांद्या पहिल्या एक-दोन पायऱ्यांतच गळतात. २००५ साली झुरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी ही युक्ती एका चिपवर उतरवली आणि सेकंदाला सरासरी १६९ मेगाबिटपर्यंत वेग मिळवला. अडचण एकच. झाड कधी लवकर संपतं, कधी नाही, आणि हार्डवेअरला 'कधी कधी' हा शब्द चालत नाही. म्हणून काहींनी ठरवलं, प्रत्येक पायरीवर फक्त ठराविक चांगल्या फांद्या ठेवायच्या, बाकीच्यांना रामराम. अचूकपणा थोडा जातो, वेळ मात्र पक्का.

झाड उभं करण्याआधी समीकरणांचा कोष्टक फिरवून त्रिकोणी करावा लागतो. त्यासाठी जॅक व्होल्डर यांची १९५९ साली प्रसिद्ध झालेली कॉर्डिक पद्धत वापरतात, जी गुणाकार न करता नुसत्या बेरजा आणि आकडे सरकवणं यांवर कोन फिरवते. ती मुळात बी-५८ बॉम्बर विमानाच्या दिशादर्शक संगणकासाठी शोधली होती. विमानं १९७० साली निवृत्त झाली, कोन मात्र अजून फिरताहेत.

कैलाथना २००९ साली पद्मभूषण मिळालं, पॉलराजना २०१०मध्ये. चिपमधले ट्रान्झिस्टर वाचवणाऱ्यांची नावं मात्र आपल्या कानावर क्वचितच येतात.

गंमत पुढेच आहे. २०१० साली बेल लॅब्जच्या थॉमस मार्झेटा यांनी दाखवलं की टॉवरवर अँटेना खूपच वाढवले, तर प्रत्येकाचा संदेश आपोआप वेगळा पडू लागतो आणि मघाची ती शाळेतली साधी पद्धतच जवळजवळ पुरते. आज कित्येक ५-जी टॉवरवर एकेका चौकटीत चौसष्ट अँटेना लागलेले असतात. चिरंजीवांना हे सांगितलं, तर त्यांनी लगेच आपल्याही राउटरला चौसष्ट शिंगं लावू म्हणून हट्ट धरला.