तंजावरचे विजेचे यंत्र आणि पोटाची चाल

आज तंजावरच्या राजवाड्यातल्या एका यंत्राविषयी बोलायचे आहे. त्याचा आपल्या पोटाशी काय संबंध, ते ओघात येईलच.

सरफोजीराजे दुसरे १७९८ मध्ये गादीवर बसले. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने तह करून राज्यकारभार आपल्याकडे घेतला. राजांच्या हाती किल्ला आणि तनखा उरला. पण हा राजा हात जोडून बसला नाही. त्यांनी ग्रंथ जमवले, धन्वंतरी महालात औषधोपचाराची सोय केली आणि डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या. १८२६ च्या मार्चमध्ये बिशप हेबर तंजावरला आले. त्या भेटीच्या वृत्तांतात राजांच्या ग्रंथालयाचे वर्णन आहे. तिथे वैद्यकाची पुस्तके होती, हस्तिदंती सांगाडा होता, वायुपंप होता आणि विजेचे यंत्रही होते.

त्या काळच्या अशा यंत्रात काच फिरवून घर्षणाने वीज तयार करत. इटलीत गॅल्व्हानीच्या प्रयोगशाळेत अशाच यंत्राची ठिणगी पडली तेव्हा मेलेल्या बेडकाचा पाय उडाला. १७९१ मध्ये त्याने ते छापले. स्नायू विजेने हलतो, ही गोष्ट तेव्हा गाजली. पण पाय बाहेरच्या विजेने उडाला होता. पोटातली वीज कोणाची?

याचे उत्तर यायला शंभरावर वर्षे लागली. १८९९ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी दाखवले, की बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी आतडे घास पुढे ढकलते : घासाच्या मागे आवळते, पुढे सैल पडते. आतड्याच्या भिंतीतच मज्जातंतूंचे जाळे आहे. स्पेनच्या काहालने त्याच सुमारास तिथे काही वेगळ्या पेशी पाहिल्या होत्या. त्या पेशीच ठेका धरतात, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस पक्के झाले. जठरात हा ठेका मिनिटाला सुमारे ३, लहान आतड्याच्या सुरुवातीला सुमारे १२, शेवटाकडे ८ च्या आसपास.

मी फौजेतला माणूस, म्हणून संचलनाचे उदाहरण देतो. ढोलाचा ठोका पडतच असतो, पण तुकडी पाऊल उचलते ती हुकूम मिळाल्यावर. आतड्यात ठोका म्हणजे विजेची मंद लहर. अन्नाचा ताण, मज्जातंतू आणि संप्रेरके यांचा इशारा मिळाला, की त्या लहरीच्या माथ्यावर विजेचे झटके उठतात, कॅल्शियम पेशीत शिरते आणि स्नायू आकुंचन पावतो. हुकूम नसेल तर लहर येते आणि नुसतीच जाते.

दीर्घकाळच्या मधुमेहात काहालच्या या पेशी कमी होऊ शकतात. मग जठर वेळेवर रिकामे होत नाही, दोन घासांत पोट भरते, मळमळते. घरचे म्हणतात, जेवणाचे नखरे. खरे तर आत ठेकाच चुकलेला असतो. अशा माणसाला रागावू नका, डॉक्टरांकडे न्या.

तंजावरला वैद्यकाची पोथी आणि विजेचे यंत्र एका छताखाली होते. त्यांचा सांधा जुळायला पुढची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत लागली. पण राज्य गेलेल्या मराठी राजाने या दोन्ही गोष्टी शेजारी आणून ठेवल्या, याचे मोल मला एखाद्या जिंकलेल्या गडाइतके वाटते.