मराठा आरमार आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा काळ (१७७४–८३)

पेशव्यांचे आरमार आणि ईस्ट इंडिया कंपनीचे ‘बॉम्बे मरीन’ यांच्यात कोकण किनाऱ्यावर झालेला संघर्ष. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यावर केलेल्या हल्ल्याने त्याची सुरुवात झाली आणि ८ एप्रिल १७८३ रोजी मराठ्यांनी कंपनीचे ‘रेंजर’ हे जहाज पकडले, तेथे तो संपला. अमेरिकेतील तेरा वसाहतींनी ब्रिटनविरुद्ध चालविलेले स्वातंत्र्ययुद्ध (१७७५–८३) नेमके याच वर्षांतले आहे. काळ जुळला हा केवळ योगायोग नव्हे. अमेरिकेच्या बाजूने १७७८ मध्ये फ्रान्स युद्धात उतरला, तेव्हापासून उत्तर अटलांटिक, वेस्ट इंडीज, कोरोमंडल किनारा आणि कोकण ही एकाच सागरी युद्धाची ठाणी झाली. पहिल्या इंग्रज–मराठा युद्धाचा इतिहास बहुतेक वेळा अडास, वडगाव, बोरघाट अशा जमिनीवरच्या रणांगणांवरून सांगितला जातो. त्यामुळे त्याची ही बाजू झाकली गेली आहे.

या संघर्षात मराठे उतरले ते आधीच्या एका मोठ्या नुकसानीसह. फेब्रुवारी १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्याने इंग्रजांची मदत घेऊन तुळाजी आंग्र्याचा विजयदुर्ग पाडला. ॲडमिरल वॉटसनच्या तोफांनी बंदरात उभे असलेले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. तुळाजी पेशव्याला जुमानत नव्हता हे खरे. पण पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना धाक असलेले सर्वांत समर्थ एतद्देशीय आरमार मराठ्यांच्याच संमतीने नष्ट झाले, ही त्या शतकातील मराठी राजकारणाची मोठी चूक होती. पुढे विजयदुर्ग पेशव्यांकडे आला आणि तेथेच त्यांनी आपला आरमारी सुभा उभा केला. जावळीच्या मोऱ्यांच्या कुळातले म्हणविणारे धुळप घराणे या सुभ्यावर नावारूपाला आले. या नोंदीच्या काळात आरमाराची सूत्रे आनंदराव धुळपाकडे होती. अलिबागजवळच्या कुलाब्याला आंग्र्यांची दुसरी शाखा, रघूजी आंग्र्याच्या हाताखाली, आपले छोटे आरमार राखून होती.

मराठा आरमाराचा कणा म्हणजे गुराब आणि गलबत. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे तीनशे टनांपर्यंतची असे, दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांच्या आत. लांबीच्या मानाने ती रुंद असे, पाण्यात फार कमी बुडे आणि पुढे निमुळती होत जाऊन तिची नाळ चोचीसारखी बाहेर येई. नाळेच्या दोन अंगांना नऊ किंवा बारा रतली गोळ्याच्या दोन तोफा समोर तोंड करून बसवीत. बाजूच्या तोफा त्याहून हलक्या असत. गलबत हे त्याच घाटाचे, पण लहान. मोठ्यात मोठे गलबत सत्तर टनांच्या आसपासचे, त्रिकोणी शिडाचे आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला तरी ते ताशी चार मैल चाले, आणि वारा पडलेला असतानाच त्याचे मोल कळे. अशा वेळी गलबते गुराबांना दोर लावून ओढीत आणि जागच्या जागी अडकलेल्या युरोपीय जहाजाच्या पिछाडीला नेऊन सोडीत. मोठ्या जहाजाच्या तोफा बाजूंना असत. मागे फार थोड्या. गुराबा मागून डोलकाठ्या आणि सुकाणू यांवर मारा करीत, आणि जहाज लुळे झाले की गलबतांतले लोक सगळीकडून त्यावर चढत. तलवार आणि भाल्याचे काम तेथून पुढचे.

ही पद्धत किनाऱ्याला शोभणारी होती. खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे, भरती-ओहोटी, सकाळचे मतलई आणि दुपारचे खारे वारे हे सगळे जाणणाऱ्याला तीत वाव होता. भर समुद्रात, जोराच्या वाऱ्यात, चाळीस-पन्नास तोफांच्या जहाजासमोर तीच पद्धत लंगडी पडे. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये येथे खडकात खोदलेली, सुमारे ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद अशी आंग्र्यांच्या काळची गोदी आजही दिसते. तेथे सागवानी जहाजे बांधली जात. सागवान टिकाऊपणात युरोपच्या ओकहून सरस होते, म्हणजे लाकडात मराठे मागे नव्हते. मागे होते ते तोफा ओतण्याच्या कामात, शिकलेल्या गोलंदाजांच्या संख्येत आणि खोल समुद्रात जहाज हाकण्याच्या शास्त्रात. ब्रिटिश नौदल तर १७७९ नंतर आपल्या जहाजांच्या तळांना झपाट्याने तांब्याचा पत्रा मढवीत होते. त्यामुळे तळाला शिंपले धरत नसत, लाकूड किड्यांपासून वाचे आणि जहाजाची गती टिकून राही.

जहाजावर राबणारे लोक कोळी, भंडारी, खारवी, गाबीत आणि दालदी समाजांतले होते. तांडेल खलाशांवर देखरेख करी, सुकाण्या सुकाणू धरी, गोलंदाज तोफा सांभाळी. यांतले बहुतेक मासेमारी आणि व्यापारी वाहतुकीत वाढलेले होते. लढाई हा त्यांचा वर्षातल्या काही महिन्यांचा उद्योग. ज्येष्ठात समुद्र खवळला की जहाजे खाडीत ओढून छावणीला ठेवीत, वरून शाकारून घेत, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटीत. रामचंद्रपंत अमात्याच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. छावणीचा भार एकाच बंदरावरच्या रयतेवर दरवर्षी पडू नये, जहाजांसाठी आंबा-फणसासारखी झाडे धन्याला राजी केल्यावाचून तोडू नयेत, अशी बारीक काळजी त्यात दिसते. लढाईत पडलेल्याच्या कुटुंबाला बालपरवेशी देण्याची मराठी राज्यातली रीत दर्यावर्दींनाही लागू होती.

याच काळातल्या ब्रिटिश खलाशाचे जिणे त्यापुढे ठेवले तर फरक स्पष्ट होतो. ब्रिटिश नौदलात बंदरावरून माणसे जबरीने धरून आणीत. १७७४ ते १७८० या वर्षांत सुमारे १,७६,००० माणसे नौदलात घेतली गेली. त्यांपैकी लढाईत मेली १,२४३, रोगाने मेली १८,५४१ आणि पळून गेली ४२,०६९. खारवलेले मांस आणि कडक बिस्किटे यांवर महिनोन्महिने काढल्याने स्कर्व्ही होई, हिरड्या सुजत आणि जुन्या जखमा उघडत. लिंबाचा रस त्यावर उपाय आहे हे माहीत असूनही तो नौदलात सरसकट मिळू लागला १७९५ मध्ये. किनाऱ्याने फिरणाऱ्या मराठा गलबतांवर तांदूळ, नाचणी, सुकी मासळी आणि नारळ असे, गोड्या पाण्यासाठी जवळची खाडी गाठता येई, त्यामुळे स्कर्व्हीचे भय त्यांना नव्हते. अमेरिकन बंडखोरांची स्थिती आणखी वेगळी. त्यांच्या काँग्रेसने १३ ऑक्टोबर १७७५ रोजी नौदल उभारायचे ठरविले, पण ब्रिटिश व्यापाराला खरा त्रास दिला तो परवाने घेऊन लूट करणाऱ्या सुमारे सतराशे खासगी जहाजांनी. दुबळ्या आरमाराने बलाढ्याच्या व्यापाराला चावे घेत राहायचे, हा मार्ग आंग्र्यांनी पन्नास वर्षे आधीच चोखाळला होता.

नारायणराव पेशव्याच्या खुनानंतर पुण्यात माजलेल्या दुहीचा फायदा घेऊन मुंबईकर इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाणे आणि मुंबईलगतचे साष्टी बेट घेतले. ठाण्याच्या वेढ्यात बॉम्बे मरीनचा कमोडोर जॉन वॉटसन प्राणघातक जखमी झाला. हा १७५६ चा ॲडमिरल वॉटसन नव्हे. पुढे ६ मार्च १७७५ रोजी पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावाशी इंग्रजांचा सुरतेचा तह झाला आणि उघड युद्धाला तोंड लागले. त्या वर्षी कमोडोर जॉन मूरने ‘रिव्हेंज’ आणि ‘बॉम्बे’ ही दोन जहाजे घेऊन मराठ्यांच्या मोठ्या काफिल्याचा पाठलाग केला. काफिल्यातले सर्वांत मोठे, ४६ तोफांचे ‘शमशेरजंग’ मागे सापडले. लढाईत त्याच्या दारूकोठाराला आग लागून ते उडाले. सरदार आणि बहुतेक माणसे त्यातच गेली. युरोपीय धाटणीने तोफांमागे तोफा रचून मोठे जहाज बांधणे हा आंग्र्यांच्या पद्धतीला पर्याय नव्हता, हे या प्रसंगाने दिसले. इतर जहाजे मात्र उथळ पाण्यात निसटली.

या युद्धात फ्रान्सची सावली लवकरच पडली. १७७७ मध्ये सँ ल्युबँ हा फ्रेंच गृहस्थ चौलजवळ उतरून पुण्यास आला. पेशव्यांचा कारभारी नाना फडणीस याने त्याला दरबारी मान दिला. फ्रेंचांना किनाऱ्यावर बंदर मिळणार, ही वार्ता मुंबईत आणि कलकत्त्यात पोचली. नानाला फ्रेंच फौज खरोखर हवी होती की इंग्रजांना केवळ धाक घालायचा होता, यावर मतभेद आहेत. दुसरेच अधिक संभवते, कारण सँ ल्युबँला पुढच्याच वर्षी निरोप मिळाला. पण कलकत्त्याचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याला निमित्त पुरले. त्याने यमुनेकाठच्या काल्पीहून एक फौज हिंदुस्थान आडवा कापून पश्चिम किनाऱ्याकडे धाडली.

खानदेशाचा या सागरी युद्धाशी प्रत्यक्ष संबंध आला तो या फौजेमुळे. तिचा सेनापती कर्नल गॉडर्ड ३० जानेवारी १७७९ रोजी बऱ्हाणपुरास पोचला. तेथे त्याला मुंबईकर इंग्रजांचा वडगावचा पराभव कळला. तेव्हा पुण्याचा नाद सोडून ६ फेब्रुवारीला तो निघाला आणि सुमारे तीनशे मैलांची मजल वीस दिवसांत मारून सुरतेला गेला. बऱ्हाणपूरहून सुरतेस जायचे तर खानदेश ओलांडावाच लागतो. तापीकाठचा हा जुना व्यापारी मार्ग. खानदेशचे कापड आणि नीळ याच वाटेने सुरतेच्या जहाजांवर चढत आली होती. समुद्रापासून दूर असलेला हा प्रांत सुरत बंदराचा परसच होता. गॉडर्डला सुरतेत पोचू दिले ही मराठ्यांची मोठी हुकलेली संधी म्हणावी लागेल, कारण समुद्राशी जोडली गेल्यावर त्या फौजेला रसद, पैसा आणि तोफा यांची ददात उरली नाही. डिसेंबर १७८० मध्ये तिनेच वसई घेतली, आणि चिमाजी अप्पाने १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेला किल्ला इंग्रजांकडे गेला.

त्याच डिसेंबरात ॲडमिरल एडवर्ड ह्यूजने मंगळूर बंदरात म्हैसूरच्या हैदर अलीचे आरमार जाळले. मार्च १७७९ मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांचे माहे घेतल्यापासून हैदर संतापला होता आणि मराठ्यांच्या गोटात आला होता. त्याचे आरमार गेल्यावर पश्चिम किनाऱ्यावर मोठे एतद्देशीय आरमार विजयदुर्गाचेच उरले. दरम्यान ५ सप्टेंबर १७८१ रोजी चेसापीकच्या उपसागरासमोर फ्रेंच ॲडमिरल द ग्रासच्या २४ जहाजांनी इंग्रजांच्या १९ जहाजांना परतविले, समुद्रमार्ग तुटला, आणि १९ ऑक्टोबरला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस यॉर्कटाउनला शरण आला. अमेरिकेचे स्वातंत्र्य पक्के झाले ते या आरमारी कामगिरीमुळे. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या शत्रूंना तसेच बळ देण्यासाठी फ्रेंच ॲडमिरल सुफ्राँ १७८२ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावर आला. ह्यूजशी त्याच्या पाच लढाया झाल्या; निर्णायक एकही नाही. यातली मुंबईची भूमिका कमी लेखली जाते. जहाज कोरडे करून तळ दुरुस्त करण्याच्या गोद्या पूर्वेकडे इंग्रजांजवळ होत्या त्या मुंबईत, वाडिया घराण्याच्या कारागिरांच्या देखरेखीखाली. ह्यूज फुटकी जहाजे घेऊन मुंबईला येई आणि सावरून परत जाई. सुफ्राँला अशी जागा नव्हती.

मार्च १७८३ मध्ये ह्यूजचा ताफा मुंबईहून पूर्व किनाऱ्याकडे गेला. ५ एप्रिलला लेफ्टनंट प्रुएनच्या हाताखाली कंपनीचे बारा तोफांचे ‘रेंजर’ दक्षिणेकडे निघाले. त्यावर जनरल नॉर्मन मॅक्लाउड, कर्नल हंबरस्टन, मेजर शॉ आणि इतर अधिकारी होते. म्हैसूरविरुद्धच्या बेदनूर मोहिमेतील जनरल मॅथ्यूजविरुद्ध मुंबईत गाऱ्हाणी मांडून, त्याच्या जागी नेमणूक घेऊन मॅक्लाउड परत चालला होता. ८ एप्रिलला विजयदुर्गाच्या टापूत धुळपाच्या आरमाराने, दोन मोठी जहाजे, एक केच आणि आठ गलबते घेऊन, त्याला गाठले. एकट्या जहाजाला अनेक गलबतांनी वेढण्याची ती जुनीच रीत. लढाई कित्येक तास चालली. मराठे जहाजावर चढले, तेव्हा अधिकारीही हातघाईला आले. शॉ ठार झाला, मॅक्लाउड जखमी झाला, जहाज पाडाव करून विजयदुर्गास आणले गेले. हंबरस्टन ३० एप्रिलला तेथेच जखमांनी मेला. त्याचे वय तिशीच्या आत होते.

इंग्रज आणि मराठे यांच्यातले युद्ध संपविणारा सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजी झाला होता, नानाने त्याला २० डिसेंबरला मान्यता दिली होती आणि २४ फेब्रुवारी १७८३ रोजी तहाच्या प्रती बदलल्या गेल्या होत्या. म्हणून इंग्रज लेखकांनी धुळपाचे कृत्य तहाची मोड ठरविले. हा ठपका घाईचा आहे. सालबाई ग्वाल्हेरजवळ आणि विजयदुर्ग दक्षिण कोकणात. त्या वर्षी बातमीच्या मागे राहून लढाई करणारे धुळप एकटेच नव्हते. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात जानेवारी १७८३ मध्ये प्राथमिक तह झाला असताना ह्यूज आणि सुफ्राँ २० जूनला कडलोरसमोर लढले, आणि तहाची खबर त्यांना महिनाअखेरीस मिळाली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातून उद्भवलेली शेवटची मोठी आरमारी लढाई अशी तमिळ किनाऱ्यावर झाली. ‘रेंजर’ आणि जिवंत राहिलेले कैदी पुणे दरबाराने परत केले.

‘रेंजर’ हे नाव अमेरिकेतही प्रसिद्ध आहे. जॉन पॉल जोन्सने त्या नावाच्या १८ तोफांच्या जहाजावरून २४ एप्रिल १७७८ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिश युद्धनौका ‘ड्रेक’ पकडली. ते जहाज १७८० मध्ये चार्ल्सटनला इंग्रजांच्या हाती पडले. विजयदुर्गास आणलेले ‘रेंजर’ वेगळे.

सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, साष्टी गेली, आणि पोर्तुगीजांखेरीज इतर युरोपीयांना मराठी मुलखात वखारी घालू न देण्याचे पेशव्याने मान्य केले. मुंबईला लागून असलेले बेट इंग्रजांकडे राहिले, फ्रेंचांची वाट बंद झाली. आरमाराच्या दृष्टीने पाहता साष्टीची हानी ‘रेंजर’च्या विजयाने भरून येणारी नव्हती. अमेरिकनांना द ग्रास लाभला तसा मराठ्यांना कोणी लाभला नाही, आणि स्वतःचे खोल पाण्याचे आरमार उभे करण्याची निकड पुण्याला कधी वाटली नाही. १८१८ च्या फेब्रुवारीत खानदेशात तापीकाठचे थाळनेर इंग्रजांनी घेतले, आणि जूनमध्ये धुळपांनी विजयदुर्ग त्यांच्या स्वाधीन केला.