मद्रासचे बागबंगले आणि त्यांतील बिऱ्हाडकरू

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. बदलीच्या सरकारी नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना तिचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. या शहरात घर शोधताना आम्हांस घरमालकांनी नेमाने दोन प्रश्न विचारले. पहिला जेवणाखाणाविषयी, दुसरा, ‘‘किती वर्षे राहणार?’’ पहिल्याचे उत्तर आम्ही सहज देत असू. दुसऱ्या प्रश्नापुढे मात्र आम्ही नेहमी अडखळलो. कारण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो. जो आज आहे आणि उद्या जाणार आहे, त्याचा या गावाशी संबंध तो काय? आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या प्रश्नाचे उत्तर शहराच्या इतिहासात शोधावे, असे आम्हांस वाटले.

१९९६ साली चेन्नई हे नाव धारण करणाऱ्या या शहराचा सर्वांत देखणा वारसा म्हणजे येथील बागबंगले होत. इंग्रजांची मूळ वस्ती सेंट जॉर्ज किल्ल्याच्या तटाआड दाटीने राहत असे. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास जिंकले आणि १७४९ मध्ये तहान्वये ते परत केले. पुढे शत्रूचे भय जसजसे ओसरले, तसतशी ही मंडळी तटाबाहेर पडली. माउंट रोडच्या दोहो बाजूंस आणि दक्षिणेस अड्यार नदीपर्यंत विस्तीर्ण आवारांत त्यांनी घरे बांधली. उंच जोती, रुंद खांबांचे व्हरांडे, आणि भिंतींवर शंखशिंपल्यांच्या चुन्याचा घोटून घोटून संगमरवरासारखा चकचकीत केलेला गिलावा, असा त्यांचा थाट असे. खुद्द कंपनी सरकारने १७५३ मध्ये आपल्या गव्हर्नरासाठी अशीच एक हवेली मादेरोस नामक पोर्तुगीज घराण्यातील बाईंकडून विकत घेतली. पन्नासेक वर्षांनी तिच्या आवारात उभारलेला मेजवानीचा दिवाणखाना आज राजाजी हॉल म्हणून ओळखला जातो. मूळ हवेली मात्र आता राहिलेली नाही.

या बंगल्यांतून राहणारे बहुतेक गोरे अधिकारी हेही एका अर्थी बिऱ्हाडकरूच होते. नोकरीची मुदत संपली की ते विलायतेस परत जात आणि घर दुसऱ्याच्या हाती जाई. काहींची नावे रस्त्यांना चिकटून राहिली. पण त्या घरांत पुढे काय घडले, याचा त्या नावांशी फारसा संबंध उरला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एतद्देशीय वकील, न्यायाधीश आणि दिवाण अशा वस्त्यांतून नांदू लागले. मैलापूर हे त्यांचे मुख्य ठाणे. त्यांत आपली मराठी मंडळीही होती. तंजावरच्या मराठी घराण्यात जन्मलेले सर टी. माधवराव हे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी करून मद्रासेस स्थिरावले. १८८७ मध्ये राष्ट्रसभेचे तिसरे अधिवेशन येथे भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. इंदूरची दिवाणगिरी केलेले त्यांचे आप्त रघुनाथराव यांचे घर मैलापुरात होते. १८८४ च्या डिसेंबरात अड्यारच्या थिऑसॉफिकल अधिवेशनानंतर सतरा गृहस्थ याच घरी जमले आणि तेथे राष्ट्रीय सभेच्या कल्पनेने आकार घेतला, असे अ‍ॅनी बेझंट यांनी लिहून ठेवले आहे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे रघुनाथराव सनातन्यांच्या रोषास पात्र झाले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता मरीना किनाऱ्यावरील त्या गोलाकार वास्तूकडे वळू. तिला लोक आजही ‘आइस हाउस’ म्हणतात. अमेरिकेतील बोस्टनहून गलबतांतून येणारे बर्फ साठविण्यासाठी फ्रेडरिक ट्यूडर यांच्या व्यवसायाने १८४२ च्या सुमारास ती बांधविली. यंत्राने बर्फ येथेच तयार होऊ लागले आणि तो व्यापार बुडाला. नंतर बिळिगिरी अय्यंगार या वकिलांनी ती घेऊन तिला ‘कॅसल कर्नन’ हे नाव दिले. १८९७ च्या फेब्रुवारीत पाश्चात्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद येथे नऊ दिवस राहिले. त्याच वर्षी त्यांचे गुरुबंधू स्वामी रामकृष्णानंद मद्रासेस आले. आरंभी काही दिवस भाड्याच्या घरात काढून ते या वाड्यात आले आणि दक्षिणेतील मठाचे कार्य येथे सुरू झाले. मालकाच्या निधनानंतर वाड्याचा लिलाव पुकारला गेला, तेव्हा स्वामी आवारातील एका बाकावर शांतपणे बसून होते, असे सांगतात. वाडा कोणीही घेवो, श्रीगुरूंसाठी दोन-तीन खोल्या मिळाल्या म्हणजे पुरे, असा त्यांचा भाव होता. वाडा गेला आणि काही काळ त्याच आवारातील लहानशा जागेत राहावे लागले. तथापि कार्य खंडित झाले नाही. १९०७ मध्ये मैलापुरात मठाची स्वतःची वास्तू झाली.

पुढे याच आइस हाउसमध्ये सिस्टर सुब्बलक्ष्मी यांनी बालविधवांचे वसतिगृह चालविले. त्या स्वतः बालविधवा होत्या, आणि १९११ मध्ये पदवी मिळवून मद्रास इलाख्यातील पहिल्या हिंदू विधवा पदवीधर ठरल्या होत्या. विधवा मुलींना जागा देण्यास घरमालक सहसा राजी नसत. त्यामुळे चांगल्या वस्तीतले मोठे घर मिळणे हीच मोठी अडचण होती. ओसाड पडलेल्या या वास्तूला लोक भुताची म्हणून भीत. सिस्टरांना तेथे मुलींसाठी हवा, प्रकाश आणि मोकळी जागा दिसली. १९१७ मध्ये सरकारने ती वास्तू खरेदी केली. मुंबईत १८८९ साली शारदासदन काढणाऱ्या पंडिता रमाबाई आणि १८९६ साली पुण्यास अनाथ बालिकाश्रम स्थापन करणारे अण्णासाहेब कर्वे यांचे स्मरण येथे कोणा मराठी वाचकास होणार नाही? बर्फाचे कोठार, वकिलाचा वाडा, मठ आणि विधवांचा आसरा, अशी त्या एका छपराखाली चार बिऱ्हाडे नांदली. मालक कोण, हे आता शोधून काढावे लागते. विवेकानंदांचे नाव मात्र त्या वास्तूस कायमचे लाभले आहे.

तिसरे घर कथीड्रल रोडवरचे. ‘द हिंदू’चे मालक-संपादक कस्तुरीरंग अय्यंगार यांचा तो बंगला. १९१९ मध्ये त्यांच्यासारख्या स्नेह्यांच्या आग्रहावरून सेलमचे वकील राजगोपालाचारी मद्रासेस वकिली थाटण्यासाठी आले आणि या बंगल्यात राहू लागले. मार्चमध्ये गांधीजी तेथे उतरले. बंगला अय्यंगारांचा, म्हणून आपण त्यांचेच पाहुणे आहोत, अशी त्यांची समजूत झाली. खरे यजमान राजाजी इतके मागे मागे राहत की ही चूक दोन दिवस कोणाच्या ध्यानात आली नाही. अखेर महादेवभाईंनी ती दुरुस्त केली. गांधीजींनी आत्मकथेत हा प्रसंग मोकळेपणाने सांगितला आहे. एवढा थोर पाहुणा घरी असूनही बिऱ्हाडकरू यजमान अंग चोरून वावरत होता, हे वाचताना आम्हांस आपल्यापैकी अनेकांची आठवण होते!

याच बंगल्यात रौलट कायदा मंजूर झाल्याची वार्ता आली. त्या रात्री विचार करता करता गांधीजींस झोप लागली. पहाटे अर्धवट जागृतीत त्यांना कल्पना सुचली आणि सकाळी ती त्यांनी राजाजींस सांगितली: सर्व देशाने एक दिवस व्यवहार बंद ठेवून उपवास व प्रार्थना करावी. प्रथम ३० मार्च हा दिवस ठरला. नंतर तो ६ एप्रिल झाला. मुंबईत चौपाटीवर त्या सकाळी लोटलेला जनसागर म्हणजे कथीड्रल रोडवरील त्या स्वप्नाचे मूर्त रूप होते. कवी सुब्रह्मण्य भारती गांधीजींस भेटले तेही येथेच. भारती हे लोकमान्यांचे निस्सीम भक्त. येथील किनाऱ्यावरील सभास्थानाचे ‘टिळक घाट’ हे नाव त्या पिढीच्या टिळकभक्तीचीच साक्ष देते. पुढच्याच वर्षी असहकारासाठी राजाजींनी वकिली सोडली आणि त्यासाठी थाटलेल्या बिऱ्हाडाचे प्रयोजन संपले. तो बंगलाही आता नाही; तेथे मोठे हॉटेल उभे आहे.

तिकडे तिरुवल्लिक्केणीत, पार्थसारथी मंदिराजवळच्या एका साध्या भाड्याच्या घरात १९२१ मध्ये भारतींनी देह ठेवला. ते घर आज त्यांचे स्मारक आहे.

या साऱ्या कथांतून आम्हांस घरमालकांच्या त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. किती वर्षे राहणार, हे बिऱ्हाडकरूच्या हाती नसते. राहू तोवर त्या छपराखाली काय करणार, एवढेच त्याच्या हाती असते. विवेकानंद नऊ दिवस राहिले. गांधीजी त्याहून फार अधिक नव्हे. उलट पिढ्यान्‌पिढ्या मालकी गाजविलेल्या कित्येक घराण्यांची नावे त्यांच्या बागांबरोबर मिटून गेली.

परमुलखातील कोणत्याही मंडळाचा आरंभ बहुधा कोणाच्या तरी भाड्याच्या घरातील सतरंजीवरच होतो. तेथेच परक्या गावातील मुलांच्या कानी आपली भाषा पडते, नव्याने बदलून आलेल्या कुटुंबास पहिले ताट वाढले जाते आणि शेजारचे तमिळ कुटुंब गणपतीच्या आरतीस येऊन उभे राहते. याची नोंद कोणत्याही भाडेकरारात होत नाही. म्हणून नव्याने येथे येणाऱ्या बांधवांस आमचे एकच सांगणे आहे. घर भाड्याचे आहे, एवढ्यासाठी गाव परके मानू नये. ज्या वास्तूत राहाल तिचा पूर्वेतिहास शेजाऱ्यांस विचारा, त्यासाठी चार शब्द तमिळचे शिका. आणि किल्ल्या परत देण्याची वेळ येईल तेव्हा आपल्यामागे एखादी चांगली आठवण तेथे ठेवून या.